हिजाझ आणि दख्खन : गेल्या शतकांतील स्त्रीचा दर्जा

विषयाची व्याप्ती

आजच्या सौदी अरेबियाचा पश्चिम किनारा म्हणजे हिजाझ. मक्का, मदिना आणि जिद्दा ही तिन्ही शहरे याच पट्ट्यात आहेत. अरबी समुद्राच्या अलीकडे कोकण आणि त्यामागे दख्खनचे पठार. या दोन प्रदेशांत किमान दोन हजार वर्षे व्यापार चालला आणि पुढे हजयात्रेचा रस्ताही याच पाण्यावरून गेला. हिंदू व मुस्लिम स्त्रियांच्या जुन्या सामाजिक दर्जाची चर्चा बहुधा धर्मग्रंथांतील वचने समोरासमोर मांडून केली जाते. त्या पद्धतीने फारसे हाती लागत नाही, कारण वचन आणि व्यवहार यांत सर्वत्र अंतर असते. स्त्रीच्या नावावर काय होते, ते तिला स्वतःच्या इच्छेने विकता किंवा दान करता येत होते का, आणि लेखी कायदा व कुळाची रूढी यांत वाद झाला तर कोण जिंकत असे, हे तीन प्रश्न विचारले की चित्र बरेच स्पष्ट होते.

हेग्रा येथील थडगी

सौदी अरेबियाच्या वायव्येस अल-उलाजवळ हेग्रा हे नबातियन लोकांचे नगर होते. वाळूच्या खडकात कोरलेली 111 थडगी तेथे आजही उभी आहेत आणि त्यांपैकी 94 थडग्यांचे दर्शनी भाग कोरीव कामाने सजवलेले आहेत. कित्येकांच्या दारावर मालकी सांगणारे लेख आहेत. हे लेख म्हणजे दगडावर कोरलेली खरेदीखतेच होत. थडगे कोणाचे, त्यात कोणाला पुरायचे, विकण्यास किंवा गहाण टाकण्यास कोणाला मनाई आहे आणि नियम मोडल्यास काय दंड, हे सारे त्यांत येते.

यांतील एक लेख इसवी सनाच्या अगदी आरंभीचा, राजा हारिसच्या नवव्या वर्षातला आहे. कमकम नावाच्या स्त्रीने आणि तिची मुलगी कुलैबत हिने स्वतःसाठी व आपल्या संततीसाठी थडगे करवून घेतल्याचे तो सांगतो. लेखात पतीचे नाव नाही. कमकमची ओळख वाइलतची मुलगी आणि हरामूची नात अशी दिली आहे. थडगे विकणाऱ्यावर दुशरा, अल्लात आणि मनात या देवतांचा शाप घातला आहे. दुसरे एक थडगे वहबूची मुलगी हिनात हिने इ.स. 60-61च्या सुमारास आपल्या वंशजांसाठी केले. याच थडग्यात सापडलेल्या एका स्त्रीच्या अवशेषांवरून तज्ज्ञांनी चेहरा घडवला आणि 2023मध्ये तो लोकांसमोर ठेवला. इस्लामपूर्व अरबस्तानातील स्त्रीला कसलेच हक्क नव्हते, हे सरसकट विधान या दगडांपुढे टिकत नाही. मात्र हेग्रा हे व्यापारी नगर होते. तेथील रीत वाळवंटातील प्रत्येक टोळीत होती, असे समजण्यालाही आधार नाही.

सह्याद्रीतील समकालीन पुरावा

हेग्राचे कारागीर छिन्नी चालवत होते, त्याच सुमारास सह्याद्रीतही लेणी कोरली जात होती. नाणेघाटातील लेखात सातवाहन राणी नागनिका हिने यज्ञ आणि दक्षिणा यांची लांबलचक यादी नोंदवली आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेणे राजमाता गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या कारकिर्दीत भिक्षुसंघाला दिले. कार्ले, कान्हेरी आणि कुडा येथील लेखांत राजघराण्याबाहेरच्या स्त्रियाही दात्या म्हणून येतात. कोणी गृहिणी आहे, कोणी भिक्षुणी. दान देता येण्यासाठी दान देण्याजोगे काही हाती असावे लागते, म्हणून या लेखांचे मोल मोठे आहे.

सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातेवरून आलेली नावे लावत. त्यावरून मातृसत्ता होती असा निष्कर्ष काही वेळा काढला जातो. तो बरोबर नाही, कारण गादी बापाकडून मुलाकडेच जात असे. आईचे गोत्र सांगणे हा कुलीनतेचा दाखला होता.

इस्लामचा आरंभ

सहाव्या-सातव्या शतकांतील मक्केत स्त्रियांची स्थिती एकसारखी नव्हती. खदीजा स्वतःच्या भांडवलावर काफिल्यांतून व्यापार करत होती आणि मुहंमद पैगंबर प्रथम तिच्या मालाची जबाबदारी घेऊन सीरियाकडे गेले. त्याच समाजात नकोशा मुलीला जिवंत पुरण्याची चाल होती आणि कुराणाने तिचा कठोर निषेध केला. कित्येक टोळ्यांत वारसा फक्त शस्त्र धरणाऱ्या पुरुषांना मिळे. नव्या धर्माने विवाहाला कराराचे रूप दिले, मेहर वधूची स्वतःची ठरवली आणि वारशात स्त्रीचा निश्चित हिस्सा घातला. बहुपत्नीत्व चारपर्यंत मर्यादित झाले, पण राहिले. तलाकचा एकतर्फी अधिकारही पुरुषाकडेच राहिला.

वारसाहक्काची वाटणी

दोन्ही परंपरांमधला खरा फरक येथे दिसतो, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी पाहणे उपयोगाचे आहे. जिद्द्यातील एका व्यापाऱ्यामागे पत्नी, आई, एक मुलगा व एक मुलगी आहे आणि कर्ज फेडून 7200 रियाल उरले आहेत, असे समजावे. सुन्नी कायद्याने पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे 900 आणि आईला सहावा म्हणजे 1200 मिळतात. उरलेल्या 5100मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून मुलगा 3400 आणि मुलगी 1700. मुलीचा वाटा निम्मा आहे, पण तो तिच्या मालकीचा आहे. मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता बाहेर देता येत नाही, त्यामुळे हे हिस्से सहजासहजी बुडवताही येत नाहीत.

हेच कुटुंब एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात एकत्र हिंदू कुटुंब म्हणून राहत असेल तर हिशेब वेगळा होतो. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाप्रमाणे मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क असतो. बाप वारल्यावर सारे त्याच्याकडे राहते. विधवेला व आईला अन्नवस्त्र, मुलीला लग्न होईपर्यंत पोषण आणि लग्नाचा खर्च. पोटगी हा हक्क आहे खरा, पण तो मालकी नव्हे. सासरच्या घरात वाटा नसलेली विधवा कोणाच्या मर्जीवर जगत असे, हे महाराष्ट्रातील जुन्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही हिंदू कायदा एकजिनसी नव्हता. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य दरबारातला. पुत्रहीन आणि विभक्त पुरुषाची पहिली वारस त्याची पत्नी, हे याज्ञवल्क्याचे मत त्याने आग्रहाने मांडले. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण येथे सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला मान होता आणि त्यात बहिणीलाही वारसांत जवळची जागा आहे. मुंबई इलाख्यात बापाकडून मुलीला वारशाने आलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची मानली जाई. विधवेला मात्र हयातीपुरता मर्यादित हक्क मिळे. बंगाल व मद्रासपेक्षा येथील लेकीची कायदेशीर स्थिती बरी होती, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही.

शिया कायद्याची वाट आणखी निराळी आहे. सुन्नी मतानुसार मुलगा नसून फक्त मुली असतील तर त्यांना दोन तृतीयांशापर्यंतच मिळते आणि बाकीचे बापाच्या पुरुष नातलगांकडे जाते. शिया मतात पुतण्यापेक्षा मुलगी जवळची, म्हणून ती त्याला पूर्णपणे बाजूला सारते. सौदी अरेबियाच्या पूर्वेस कतीफ व अल-अहसा येथे शिया वस्ती मोठी आहे. त्यामुळे एकाच देशाच्या दोन टोकांना मुलीचा हक्क वेगळा ठरत आला.

मेहर आणि स्त्रीधन

मेहर ही वराने वधूला द्यायची रक्कम किंवा वस्तू. काही भाग लग्नाच्या वेळी रोख आणि काही तलाक वा मृत्यूच्या वेळी द्यायचा, अशी विभागणी सामान्य होती. मागाहून द्यायची रक्कम मोठी ठेवली की नवरा उतावीळपणे तलाक देण्यास कचरतो, हा त्यामागचा व्यवहारी हेतू. पत्नीची मिळकत आणि पतीची मिळकत वेगळी राहते आणि लग्नाने तिची मालमत्ता त्याच्याकडे जात नाही. विवाहित स्त्रीला अशी वेगळी मालमत्ता देणारा कायदा इंग्लंडमध्ये 1882मध्ये आला.

स्त्रीधनाची कल्पनाही जुनी आहे. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले : विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रीतीने दिलेले, आणि आई, बाप व भाऊ यांच्याकडून आलेले. विज्ञानेश्वराने ही व्याख्या बरीच रुंद केली आणि खरेदी, वारसा वा वाटणीने आलेली मालमत्ताही तिच्यात धरली. दुष्काळ, आजारपण, धर्मकृत्य किंवा कैद अशा आपत्तीत पतीला स्त्रीधन वापरण्याची मुभा होती आणि ते परत देण्याची सक्ती नव्हती. ही फट लहान दिसते, पण अडचण कोणत्या घरात येत नाही? अंगावरचे सोने गहाण पडले की ते सुटेलच याची खात्री नसे. ब्रिटिश काळात प्रिव्ही कौन्सिलने विज्ञानेश्वराची रुंद व्याख्या पुन्हा आकुंचित केली, म्हणजे शास्त्राने दिलेले काही न्यायालयाने काढून घेतले.

घटस्फोट आणि पुनर्विवाह

भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम 1863-64मध्ये मुंबईमार्गे हजला गेल्या आणि त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी लिहिला. मक्केतील स्त्रिया अनेकदा लग्ने करतात, दोनच लग्ने झालेली स्त्री तेथे विरळ, आणि नवरा नकोसा झाल्यास शरीफाकडे, म्हणजे मक्केच्या शासकाकडे, जाऊन त्या वेगळ्या होतात, असे त्यांनी नापसंतीच्या सुरात नोंदवले आहे. डच अभ्यासक स्नूक हुरखोन्ये 1885मध्ये मक्केत राहिला. त्यालाही तेथील नगरस्त्रिया मेहर आणि लग्नाच्या अटी यांबाबत खंबीर आढळल्या. याचे कारण मक्केच्या जीवनक्रमात आहे. दरवर्षी बाहेरून माणसे येत, काही राहत, काही परत जात. विवाह, विभक्ती आणि पुनर्विवाह हे तेथे नित्याचे झाले. विधवेने चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळली की पुन्हा लग्नाला अडसर नसे. पत्नीला मेहर परत करून खुला, म्हणजे स्वतःच्या मागणीने विभक्ती, मागता येई, पण त्यासाठी पतीची संमती किंवा काझीचा हुकूम लागे.

सिकंदर बेगमांना हे खटकले यात नवल नाही. ज्या समाजातून त्या आल्या तेथे उच्चकुलीन मुसलमानांतही विधवाविवाह कमीपणाचा मानला जाऊ लागला होता. शेजाऱ्यांची प्रतिष्ठेची कल्पना धर्माची सीमा ओलांडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रात ब्राह्मण व काही उच्च जातींत विधवेला पुनर्विवाह बंद होता आणि केशवपनाची सक्ती होती. इतर बहुसंख्य जातींत मात्र पाट लावण्याची, म्हणजेच मोहतुराची रीत होती. नवऱ्याशी न पटल्यास काडीमोड होई आणि जातपंचायत निवाडा करी. पाटाला पहिल्या लग्नाची प्रतिष्ठा नव्हती, पण त्यातली संतती औरस मानली जाई. पेशवाईत सरकार पाटावर पाटदाम वसूल करी, इतका हा व्यवहार नेहमीचा होता. 1856च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली. त्याच कायद्यात मृत पतीच्या मालमत्तेवरील विधवेचा हक्क पुनर्विवाहाने संपतो, असे कलमही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम ज्या जातींत पाट पूर्वीपासूनच चालत होता त्यांनाही लावले. सुधारणेच्या कायद्याने अशा रीतीने बहुजन स्त्रीचे नुकसान झाले. हा भाग सुधारणेच्या इतिहासात ठळकपणे यायला हवा.

रूढीची मात

लेखी कायद्याने दिलेला हिस्सा रूढी कशी बुडवते, याचे दोन स्पष्ट दाखले आहेत आणि दोन्ही मुसलमान समाजातील आहेत. पहिला मध्य अरबस्तानातील नज्दचा. अठराव्या शतकात तेथे खजुराच्या बागा वक्फ करून देण्याची चाल पडली होती. वक्फ म्हणजे मालमत्ता कायमची बांधून तिचे उत्पन्न ठरावीक लोकांना किंवा कार्याला लावणे. बाग वक्फ केली की ती वारशात येत नाही, आणि लाभार्थी म्हणून फक्त मुलगे व त्यांची संतती नेमली की मुली आणि पत्नी आपोआप बाहेर पडतात. बाग जावयाच्या टोळीत जाऊ नये हा हेतू. मुहंमद इब्न अब्दुल वहाब (1703-1792) यांनी या वक्फांवर कठोर टीका केली आणि देवाने ठरवलेले हिस्से अशा युक्तीने टाळणे हे पाप आहे असे लिहिले. ज्यांचे नाव एरवी कर्मठपणाशी जोडले जाते, त्यांनी या एका प्रश्नावर लेकींची बाजू घेतली.

दुसरा दाखला मुंबईचा. खोजा आणि मेमन समाजांतील मुलींनी कुराणानुसार बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला. 1847मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या समाजांत वारशापुरती हिंदूंसारखी रूढी चालत आली आहे, म्हणून मुलींना हिस्सा नाही. धर्म बदलला तरी वारशाची वाट जुनीच राहिली. कच्छी मेमनांना पूर्ण शरियत 1938च्या कायद्याने लागू झाली. त्याआधी 1937मध्ये शरियत कायद्याने रूढी बाजूला केली, पण शेतजमीन त्यातून वगळली. ज्या देशात संपत्ती म्हणजे मुख्यतः शेतजमीन, तेथे या अपवादाने किती उरले हे उघड आहे.

पाणी आणि धर्मशाळा

वक्फाची दुसरी बाजू लोककल्याणाची आहे आणि तीत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. खलिफा हारून अल-रशीद याची पत्नी जुबैदा (मृत्यू 831) हिने मक्केच्या यात्रेकरूंसाठी डोंगरातून पाट काढून पाणी आणले. ते आजही ऐन जुबैदा या नावाने ओळखले जाते. कूफ्याहून मक्केला येणाऱ्या वाटेवर विहिरी, तळी आणि मुक्काम बांधले गेले. त्या वाटेला दर्ब जुबैदा म्हणतात. सोळाव्या शतकात तुर्की राजकन्या मिहरिमाह हिने या पाटाची दुरुस्ती करवली आणि तिची आई हुर्रम हिने मक्का व मदिनेत अन्नछत्रे घातली. भोपाळच्या बेगमांनी यात्रेकरूंसाठी निवासस्थाने ठेवली. घाट, बारव आणि अन्नछत्र बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर (1725-1795) याच मालिकेत बसतात. सत्तेजवळच्या स्त्रीला आपले नाव आणि आपला पैसा जाहीरपणे वापरण्याची सर्वांत निर्वेध जागा म्हणजे दानधर्म. तेथे पडदा आड येत नसे.

यात्रा आणि जहाजे

एरवी घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रीला तीर्थयात्रेसाठी मात्र शेकडो कोस जाता येई. बाबराची मुलगी गुलबदन बेगम 1575मध्ये फतेहपूर सीकरीहून निघाली. समुद्रात परवाना पोर्तुगीजांचा चाले, म्हणून सुरतेत खोळंबा झाला. मक्केत राहून तिने चार वेळा हज केला. मोगल बेगमांच्या दीर्घ मुक्कामाने आणि दानधर्माने तेथे गर्दी व महागाई वाढते म्हणून तुर्की सुलतानाने त्यांना परत पाठवण्याचे हुकूम काढले. येताना एडनजवळ जहाज फुटले आणि 1582मध्ये ती घरी पोहोचली. विजापूरची बडी साहेबा, जिच्या कारभारात अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून आला, तीही त्यानंतर काही काळातच वेंगुर्ल्याहून डच जहाजाने हजला गेली. तळकोकणातील एका बंदराचे नाव मक्केच्या वाटेवर असे जोडले गेले.

या व्यवहारातील सर्वांत लक्षणीय नाव मरियम-उझ-जमानी हिचे. ती आंबेरच्या कछवाह राजपूत घराण्यातील, म्हणजे जन्माने हिंदू, अकबराची पत्नी आणि जहांगीराची आई. तिचे रहिमी हे जहाज सुरतेहून तांबड्या समुद्रात माल आणि हाजी घेऊन जात असे. 1613मध्ये परवाना असतानाही पोर्तुगीजांनी ते पकडले. जहांगीराने त्यांचा व्यापार थांबवला आणि दमणवर फौज पाठवली. हिंदू घरात जन्मलेली एक राणी स्वतःच्या मालकीच्या जहाजातून मुसलमान यात्रेकरूंना जिद्द्याकडे पाठवते, ही वस्तुस्थिती दोन कप्प्यांतल्या इतिहासात मावत नाही.

हिंदू स्त्रीला समुद्र बंद होता. तांबड्या समुद्राच्या बंदरांत गुजराती बनिये पिढ्यानुपिढ्या पेढ्या चालवत, पण बायकांना सहसा गावीच ठेवत. जमिनीवरची यात्रा मात्र खुली होती. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735मध्ये काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा राजपूत राजांनी आणि मुसलमान सरदारांनीही त्यांना सन्मानाने वाट दिली. दोन्हीकडे सोबतीची अट होती. मुसलमान स्त्रीला महरम, म्हणजे जवळचा पुरुष नातलग बरोबर लागे. हिंदू घरांत असा लेखी नियम नसला तरी रीत तीच होती.

विद्या

मक्केत अकराव्या शतकात करीमा अल-मरवझिया ही विदुषी राहत होती. बुखारींच्या हदीससंग्रहाची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहाची, तिची प्रत आणि पाठ इतका विश्वासार्ह मानला जाई की दूरदूरचे पुरुष विद्वान तिच्याकडून तो ऐकून घेत. बगदादचा इतिहासकार खतीब यानेही हजच्या काळात तिच्यासमोर बसून तो वाचला. तिने लग्न केले नव्हते. हदीसविद्येत पाठांतर आणि विश्वासार्हता यांना महत्त्व होते, म्हणून स्त्रीला तेथे जागा मिळाली. काझीचे पद आणि मदरशाची पगारी नेमणूक यांत ती जवळपास नव्हती.

महाराष्ट्रात वेदाध्ययन बंद असलेल्या स्त्रीला संतपरंपरेने वाचा दिली. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा आणि सतराव्या शतकातील बहिणाबाई यांची रचना टिकून राहिली. पण या परंपरेतून शाळा निघाली नाही. ती 1848मध्ये पुण्यात सावित्रीबाई व जोतिराव फुले यांनी काढली. मक्केत 1874च्या सुमारास सौलतिया मदरसा उभा राहिला तो कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांच्या पैशावर आणि त्याला नावही त्यांचेच मिळाले. विद्यार्थी मात्र मुलगेच. सौदी अरेबियात राणी इफ्फत यांच्या पुढाकाराने जिद्द्यात दार अल-हनान ही मुलींची शाळा 1950च्या दशकात सुरू झाली. सरकारी कन्याशाळा 1960पासून निघाल्या आणि बुरैद्यासारख्या शहरात त्यांना उघड विरोध झाला. पुण्यात सावित्रीबाईंना जे सोसावे लागले, त्याला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

पडदा, श्रम आणि दास्य

पडदा हा मुख्यतः नगराचा आणि ऐपतीचा आचार होता. मक्का-मदिनेच्या सुखवस्तू घरांत स्त्रियांचा वेगळा मजला असे. वाळवंटातील बदाऊ स्त्री शेळ्या राखी आणि तंबूचे कापड विणी. दक्षिणेकडील असीर डोंगरात स्त्रिया शेतावर राबत, आठवडी बाजारात माल विकत आणि घराच्या भिंती रंगवत. ही भित्तिचित्रांची कला 2017मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. महाराष्ट्रात सरदार मराठा घराण्यांत गोषा होता आणि कुणबी स्त्री उन्हात खुरपत होती. गोषात राहणे हे श्रीमंतीचे लक्षण ठरल्यामुळे वर चढू पाहणारे घर प्रथम आपल्या बायकांचे बाहेर जाणे थांबवी. ही प्रवृत्ती दोन्ही किनाऱ्यांवर सारखी आढळते.

सर्वांत तळाशी दासी होती. हिजाझमध्ये आफ्रिकेतून आणलेल्या स्त्रियांची खरेदी-विक्री विसाव्या शतकापर्यंत चालली. मालकापासून मूल झालेल्या दासीला विकता येत नसे, मूल जन्मतः स्वतंत्र असे आणि मालकाच्या मृत्यूनंतर तीही मुक्त होई. पेशवाईत कुणबिणी व बटकी विकत घेतल्या जात आणि व्यभिचाराच्या आरोपाखाली सापडलेल्या स्त्रीला सरकार कुणबीण करी. ब्रिटिश भारतात 1843च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता गेली, सौदी अरेबियात ती 1962मध्ये गेली. स्त्रीच्या दर्जाविषयीची बहुतेक विधाने कुलीन स्त्रीपुरती असतात. दासीला मोजले की कोणत्याच समाजाचे जुने वैभव निष्कलंक राहत नाही.

सत्ता

राज्यकर्त्या स्त्रिया दोन्हीकडे झाल्या, बहुधा संकटात आणि बहुधा मुलाच्या वा नातवाच्या नावाने. महाराणी ताराबाईंनी 1700पासून मोगलांशी झुंज दिली. हिजाझच्या पूर्वेस तुरबा येथे बुकूम टोळीच्या गालिया हिने 1813-14मध्ये मिसरी फौजेला अडवले. हाइल येथे 1914मध्ये इंग्रज प्रवासी गर्ट्रूड बेल हिला थांबवून ठेवले गेले, तेव्हा खजिन्याच्या किल्ल्या अमीराची आजी फातिमा हिच्या हाती होत्या. ही उदाहरणे स्त्रीचे सामर्थ्य सांगतात. सामान्य स्त्रीचा दर्जा त्यांवरून ठरवता येत नाही.

विसाव्या शतकानंतर

हिंदू स्त्रीच्या बाबतीत बदल कायद्याने आणि वेगाने झाला. मुंबई प्रांताने 1946मध्ये हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी घातली आणि 1947मध्ये घटस्फोटाची तरतूद केली. 1956च्या वारसा कायद्याने मर्यादित हक्काची विधवा पूर्ण मालक झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता, दिला. 2005मध्ये तो देशभर सर्व मुलींना मिळाला. चौदाशे वर्षांपूर्वी मुस्लिम स्त्रीचा लेखी हिस्सा हिंदू स्त्रीपेक्षा पुढे होता, आज भारतातील हिंदू मुलीचा हिस्सा पुढे गेला आहे. सौदी अरेबियात स्त्रियांना 2018मध्ये वाहन चालवण्याची आणि 2019मध्ये पालकाच्या परवानगीविना पासपोर्ट काढण्याची मुभा मिळाली. 2022मध्ये तेथे व्यक्तिगत कायदा प्रथमच कलमवार लिहिला गेला. त्यात मेहर स्त्रीचीच आहे, वारशाचे हिस्से पूर्वीचेच आहेत आणि वधूच्या वतीने निकाह तिचा वली, म्हणजे पुरुष पालकच, लावतो.

रूढीची मात मात्र संपलेली नाही. महाराष्ट्रात बाप वारल्यावर बहिणींची नावे वारस म्हणून लागतात आणि काही दिवसांत भाऊ त्यांना हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातो. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. नोंदणी झाली की फेरफार होतो, सातबाऱ्यावरून नाव कमी होते, आणि ते पुन्हा लावायचे तर दिवाणी न्यायालयात जाऊन दस्त रद्द करून घ्यावा लागतो.